संख्येत अंक किती? सी म्हणतं दोन, पायथन थांबतच नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला ‘दिलेल्या पूर्णांकात किती अंक आहेत ते मोजा’ हा प्रोग्रॅम आहे. तुम्ही वर्गात शिकवलेलंच लूप लिहिलंत: संख्या शून्य होईपर्यंत तिला १० ने भागत राहायचं आणि दर वेळी मोजणी एकाने वाढवायची. सीमध्ये १२३४५ ला ५ आलं, -४५ ला २ आलं. तेच लूप पायथनमध्ये उतरवलं तर १२३४५ ला ५ येतं, पण -४५ दिलं की प्रोग्रॅम थांबतच नाही. ० दिलं तर दोन्हीकडे उत्तर ०. त्यात एक मित्र सांगतोय, ‘स्ट्रिंग कर आणि लांबी घे, कशाला डोकं शिणवतोस.’ (स्ट्रिंग म्हणजे एकापाठोपाठ लिहिलेली अक्षरं.) दुसऱ्याने लॉगचा एका ओळीचा फॉर्म्युला पाठवलाय. सरांना मात्र लूपच हवंय. मग यातलं बरोबर कोणतं?

मी इंदूरलाच असते. सियागंजातल्या घाऊक व्यापाऱ्यांची बिलिंगची सॉफ्टवेअरं सांभाळते आणि संध्याकाळी भंवरकुआंच्या बाजूला इंजिनिअरिंगच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवते. त्यामुळे अंक मोजायचं हे काम माझ्याकडे परीक्षेचा प्रश्न म्हणूनही येतं आणि गिऱ्हाइकाची तक्रार म्हणूनही. दोन्हीकडे घोटाळा एकाच ठिकाणी होतो: मोजायचं काय हे न ठरवताच मोजायला सुरुवात केलेली असते. पण तुम्ही अडकलात ते पायथनपाशी, तेव्हा आधी तेच.

लूप दोन्हीकडे एकच दिसतं, पण त्यातला भागाकार एक नाही. सीमध्ये पूर्णांकांचा भागाकार करताना दशांश चिन्हानंतरचा भाग कापून टाकतात, म्हणजे उत्तर शून्याकडे सरकतं. -४५ भागिले १० म्हणजे -४.५, त्याचं झालं -४. पुढे -०.४, त्याचं झालं ०. दोन फेऱ्या, उत्तर २, लूप बंद. (१९९९ च्या प्रमाणकात सीने हे नक्की केलं. त्याआधी ऋण संख्येचा भागाकार कोणत्या बाजूला वळवायचा हे कंपायलर बनवणाऱ्यावर सोडलेलं होतं.)

पायथनमधलं दोन तिरप्या रेघांचं भागाकाराचं चिन्ह कापत नाही, ते नेहमी खालच्या पूर्णांकावर उतरतं. आणि -४.५ च्या खालचा पूर्णांक -५ आहे, -४ नव्हे. आता कागदावर चालवून बघा. -४५ चं झालं -५. -५ भागिले १० म्हणजे -०.५, खालचा पूर्णांक -१. -१ भागिले १० म्हणजे -०.१, खालचा पूर्णांक पुन्हा -१. इथून पुढे -१, -१, -१. शून्य कधी येतच नाही आणि तुमची अट शून्याचीच वाट बघत बसलेली असते.

हा पायथनचा दोष मानू नका. भागाकार खाली उतरवला की बाकी नेहमी भाजकाच्या चिन्हाची येते, म्हणून पायथनमध्ये -१ ला १० ने भागून बाकी ९ मिळते. सीमध्ये ती -१ मिळते. घड्याळाचा हिशेब करताना, म्हणजे आत्ता दोन वाजलेत तर पाच तासांपूर्वी किती वाजले होते असं काढताना, पायथनचीच रीत सोयीची पडते.

यात एक गंमत आहे, वर्गात मी ती मुद्दाम दाखवते. पायथनच्या त्या न संपणाऱ्या लूपमध्ये दर फेरीला बाकी छापा. -४५ ला आधी ५, मग पुन्हा ५, मग ९, ९, ९ असं येत राहील. उजवीकडून डावीकडे मांडलं तर …९९९५५. स्कूटरचं किलोमीटरचं मीटर सगळं शून्यावर असताना ४५ किलोमीटर उलटं फिरवलं तर जे दिसेल, तेच हे. म्हणजे पायथन चुकीचं काही करत नाहीये. ‘शून्यातून ४५ मागे’ हे ते दशमान पद्धतीत इमानदारीने लिहू पाहतंय, आणि तसं लिहायला डावीकडे नवांची अखंड रांग लागते. उणे संख्या कॉम्प्युटरमध्ये बिटांनी कशी साठवतात हे पुढच्या सेमिस्टरला येईल, तेव्हा ही रांग आठवा. तिथे ९ च्या जागी १ असतो, एवढाच फरक.

उपाय सोपा आहे. पायथनमध्ये लूपच्या आधी संख्येचं चिन्ह काढून टाका, म्हणजे निरपेक्ष किंमत घ्या. वजाचं चिन्ह हा काही अंक नाही, तेव्हा -४५ चे आणि ४५ चे अंक सारखेच.

आता ‘मग सीमध्येही आधी चिन्ह काढून टाकतो’ असं मनात आलं असेल तर थांबा. सीमध्ये तेच धोक्याचं आहे. ३२ बिटांच्या इंटमध्ये, म्हणजे पूर्णांक साठवायच्या नेहमीच्या प्रकारात, सगळ्यात मोठी संख्या २१४७४८३६४७ आणि सगळ्यात लहान -२१४७४८३६४८. खालच्या बाजूला एक जास्त. त्यामुळे त्या सगळ्यात लहान संख्येचं चिन्ह काढलं की जी संख्या व्हायला हवी ती इंटमध्ये मावत नाही. असं केल्यावर काय होईल याची सी भाषा कसलीच हमी देत नाही. जावामध्ये हमी आहे, पण ती अशी की निरपेक्ष किंमत मागितल्यावर तीच ऋण संख्या परत मिळते. पुढे लूपची अट ‘शून्याहून मोठी असेपर्यंत’ अशी असेल तर एकही फेरी होणार नाही आणि दहा अंकी संख्येला उत्तर ० येईल. म्हणून सी आणि जावात चिन्हाला हात न लावता तसंच भागत जावं. तिथला भागाकार शून्याकडे सरकतो, म्हणून ऋण संख्याही बरोबर संपते. एकाच प्रोग्रॅमसाठी दोन भाषांत सल्ला नेमका उलटा आहे. एका भाषेतला प्रोग्रॅम दुसरीत ‘जसाच्या तसा’ उतरवताना हे डोक्यात असू द्या.

शून्याचं काय? शून्य लिहायला एक अंक लागतो, म्हणून उत्तर १. तुमचं लूप ० देतं, कारण ते खरं तर अंक मोजतच नाही; ‘शून्य होईपर्यंत कितीदा भागावं लागलं’ ते मोजतं. बाकी सगळ्या संख्यांना ही दोन उत्तरं जुळतात, फक्त शून्यापाशी वेगळी होतात. बहुतेक मुलं वर एक ‘शून्य असेल तर १’ असं ठिगळ लावतात. सीमध्ये काही जण डू-व्हाइल वापरतात, म्हणजे एक फेरी होतेच. दोन्ही चालतं. मला स्वतःला तिसरी रीत आवडते: मोजणी १ पासून सुरू करायची, कारण कोणत्याही संख्येला निदान एक अंक असतोच, आणि संख्या १० किंवा त्याहून मोठी असेपर्यंतच भागायचं. खाली एन म्हणजे दिलेली संख्या.

मोजणी = १
जोपर्यंत एन १० किंवा त्याहून मोठा आहे:
एन ला १० ने भागून पूर्णांक ठेवा
मोजणी १ ने वाढवा

४५ घ्या. मोजणी १. ४५ दहाहून मोठे, भागले, ४ उरले, मोजणी २. चार दहाहून लहान, संपलं. ० घेतलं तर लूपमध्ये शिरायचंच नाही, उत्तर १. ठिगळ नको. पायथनमध्ये याच्या आधी निरपेक्ष किंमत घ्या. सीमध्ये अट दुहेरी करा: एन १० पासून वर किंवा -१० पासून खाली असेपर्यंत.

लॅबमध्ये अजून ती निळ्या स्क्रीनची टर्बो सी असेल तर आणखी एक गोष्ट. तिथे इंट १६ बिटांचा असतो, कमाल ३२७६७. तुम्ही १२३४५ वर तपासलंत म्हणून चाललं. इंटमध्ये १२३४५६ ठेवून बघा, आत -७६१६ बसेल आणि सहाच्या जागी ४ उत्तर येईल. लूप बिनचूक आहे, संख्याच आत शिरताना बदलली. तिथे लाँग, म्हणजे पूर्णांकाचा मोठा प्रकार, वापरा.

आता मित्राची स्ट्रिंग. ‘ही चीटिंग आहे का’ असं मुलं विचारतात. अजिबात नाही. कामावर पायथनमध्ये मला अंक मोजायचे असतील तर मी हेच करते: निरपेक्ष किंमत, तिची स्ट्रिंग, तिची लांबी. एका ओळीत होतं, वाचणाऱ्याला कळतं, शून्यालाही १ येतं. निरपेक्ष किंमत विसरलात तर -४५ ला ३ येईल, कारण वजाचं चिन्ह मोजलं जाईल. अगदी राक्षसी संख्यांपाशी मात्र पायथन ३.११ पासून एक अडसर आहे: ४३०० हून जास्त अंकांच्या पूर्णांकाची स्ट्रिंग करायला गेलात तर ते नकार देऊन एरर देतं. अशा रूपांतराला वेळ फार लागतो आणि कोणी मुद्दाम लांबलचक संख्या पाठवून सर्व्हर अडवू नये, म्हणून ही मर्यादा घातली. ती बदलता येते. पहिल्या वर्षाला तुम्हाला ती लागायची नाही.

स्ट्रिंगची खरी अडचण वेगळीच आहे. वापरणाऱ्याने टाइप केलेलं पायथनला स्ट्रिंग म्हणूनच मिळतं. मग मुलं म्हणतात, आधीच स्ट्रिंग आहे, थेट लांबी घेऊ. इथे फसतात. कोणी ०००४५ टाकतं, कोणी +४५, कोणी मागे स्पेस देतं. त्या लांबीत हे सगळं मोजलं जातं. आधी इंटिजर करा, मग परत स्ट्रिंग करा. हा वळसा वाया जात नाही, त्यात सगळा केरकचरा गाळला जातो. पायथनचं इंटिजर करणारं फंक्शन देवनागरी ‘४५’ सुद्धा ४५ म्हणून घेतं, करून बघा. सीमध्ये हे होत नाही. तिथे यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) एका देवनागरी अंकाला तीन बाइट लागतात, म्हणून ‘४५’ ची स्ट्रिंगची लांबी ६ निघते.

लॉगच्या फॉर्म्युल्याबद्दल माझं मत कडक आहे. दहाच्या पायाचा लॉग घ्या, दशांश भाग काढून टाका, एक मिळवा. गणित म्हणून हे निर्दोष आहे: १०० ते ९९९ पर्यंतच्या सगळ्या संख्यांचा लॉग २ आणि ३ यांच्यामध्ये असतो, म्हणून २ अधिक १. पण कॉम्प्युटरमधला लॉग हा दशांशातला अंदाज असतो, साधारण पंधरा-सोळा अंकांपर्यंतच खरा. पायथनमध्ये पंधरा नव, ९९९९९९९९९९९९९९९, देऊन बघा. त्याचा खरा लॉग १५ हून केसभर कमी आहे, पण तो केस साठवायला जागा नाही, म्हणून मिळतात पूर्ण १५.० आणि उत्तर येतं १६ अंक. ज्यांनी दहाच्या लॉगचं वेगळं फंक्शन न वापरता साध्या लॉगला पाया १० दिला, त्यांचं तर १००० वरच बिनसतं. पायथनमध्ये त्याचं उत्तर २.९९९९९९९९९९९९९९९६ असं येतं, दशांश कापला की २, आणि १००० झाले तीन अंकी. शून्याचा लॉग नसतोच, तिथे सरळ एरर.

मित्र म्हणेल, पण हे फास्ट आहे. ६४ बिटांची सगळ्यात मोठी धन संख्या १९ अंकी आहे, ९२२३३७२०३६८५४७७५८०७. म्हणजे लूपच्या फार तर अठरा फेऱ्या. पोरं इंटरव्ह्यूला जातात तिथे लॉगचं उत्तर ऐकून कोणी खूश होईलही, पण पुढचा प्रश्न पंधरा नवांचा आला तर काय सांगणार, ते आधी ठरवून जा.

लॉगची खरी जागा आहे तिथे, जिथे संख्याच हातात नाही. २ चा १००० वा घात किती अंकी? २ चा लॉग ०.३०१०३, गुणिले १००० म्हणजे ३०१.०३, म्हणून ३०२ अंकी. कागदावर मिनिटात होतं. १०० फॅक्टोरियल किती अंकी? १ पासून १०० पर्यंतच्या लॉगांची बेरीज १५७.९७ येते, म्हणून १५८ अंकी. अशा प्रश्नांना लूप घेऊन बसायची गरज नाही.

चौथी एक पद्धत तुम्हाला कोणी सांगितली नसली तरी पुढे सांगेल: भागण्याऐवजी १०, १००, १००० अशा वाढत्या घातांशी तुलना करायची. चांगली आहे, पण घात दर वेळी १० ने गुणून वाढवत असाल तर जावात २१४७४८३६४७ देऊन बघा. ‘घात संख्येहून मोठा होईपर्यंत’ ही अट कधी पुरीच होणार नाही, कारण त्या संख्येहून मोठा इंट अस्तित्वातच नाही.

आता सुरुवातीला म्हटलं ते, मोजायचं काय. माझे बरेच गिऱ्हाईक मसाल्याचे व्यापारी आहेत. जीएसटीच्या बिलावर मालाचा एचएसएन कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा ठरलेला क्रमांक, टाकावा लागतो. मिरी आणि मिरचीचा ०९०४, जिरं, धणे, बडीशेप ०९०९, हळद आणि आलं ०९१०. एप्रिल २०२१ पासून नियम असा की वर्षाची उलाढाल पाच कोटींपर्यंत असेल तर कोडचे निदान चार अंक, त्यावर असेल तर सहा. म्हणजे इथे अंक मोजणं हा अभ्यासक्रमातला खेळ राहत नाही. चार भरले नाहीत तर बिल अडकतं. आणि होतं काय, मुनीमजी यादी एक्सेलमध्ये उघडतात, एक्सेल ०९०९ ला संख्या समजून ९०९ करतं, यादी तशीच सेव्ह होऊन माझ्याकडे येते. अंक मोजले तर तीन. मोजणारं फंक्शन खरंच बोलतंय, ९०९ मध्ये तीनच अंक आहेत. फक्त जिऱ्याचा कोड ही संख्याच नाही. त्याची कोणी बेरीज करत नाही, त्याला दोनाने गुणत नाही. तो नावासारखा आहे, अंकांनी लिहिलेला.

इंदूरचा एसटीडी कोड ०७३१ घ्या. सी किंवा जावाच्या प्रोग्रॅममध्ये तो तसाच संख्या म्हणून लिहिलात तर सुरुवातीच्या शून्यामुळे कंपायलर त्याला अष्टमान, म्हणजे ८ च्या पायातली संख्या, समजतो आणि आत ४७३ ठेवतो. बंगळुरूचा ०८० लिहिलात तर कंपाइलच होणार नाही, कारण अष्टमानात ८ हा अंकच नसतो. पायथन ३ दोन्हींना नकार देतं. मोबाइल नंबर, पिनकोड, आधार, बँकेचा खाते क्रमांक, सगळ्यांना हेच लागू: साठवायचे स्ट्रिंगमध्ये, अंक मोजायचे स्ट्रिंगमधले, आणि इंटिजरच्या वाटेला जायचंच नाही. मघाशी म्हटलं ‘आधी इंटिजर करा’, इथे म्हणते ‘करूच नका’, यात विरोध वाटला तर स्वतःला एवढंच विचारा: सुरुवातीचं शून्य गेलं तर माझं काही बिघडेल का? बिघडत असेल तर ती संख्या नाही.

तुमच्या प्रॅक्टिकलमध्ये मात्र ‘पूर्णांक’ असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे सुरुवातीची शून्यं नाहीत, वजाचं चिन्ह मोजायचं नाही, शून्याला एक. प्रोग्रॅमच्या वर कॉमेंटमध्ये या तीन गोष्टी लिहून ठेवा. व्हायवाला एक्स्टर्नल बहुधा यातलंच काहीतरी विचारतात. आणि पाया बदलला तर काय, हेही विचारू शकतात. १० च्या जागी २ घातलं की हेच लूप बायनरी अंक मोजतं; ४५ म्हणजे १०११०१, सहा अंक.

सरांना लूप हवंय ते बरोबरच आहे. स्ट्रिंगच्या ओळीने उत्तर मिळतं, पण भागाकार कुठे वळतो आणि लूप कधी थांबतं हे तुम्हाला कळलं नसतं. तुम्ही हा प्रश्नच विचारला नसता. वर दिलेलं १ पासून मोजणारं लूप फाइलमध्ये लावा. सबमिट करण्याआधी या संख्या चालवा: ०, ७, ९, १०, ९९, १००, -१, -१०, -४५, २१४७४८३६४७, -२१४७४८३६४८. उत्तरं यायला हवीत १, १, १, २, २, ३, १, २, २, १०, १०. पायथनमध्ये पंधरा नवही चालवा, १५ यायला हवं. टर्बो सीवर शेवटच्या दोन संख्यांसाठी लाँग वापरावा लागेल. यातलं एखादं चुकलं तर कोणत्या संख्येला काय आलं ते कळवा, कोड पाठवायची गरज पडणार नाही. चुकीच्या उत्तरावरूनच कळतं की अट घसरली, चिन्ह राहिलं की संख्या मावली नाही.